वीस एप्रिलचा जबाब

नेरूळ, नवी मुंबई
४ नोव्हेंबर २०२५

ती. ताई,

नमस्कार. सात वर्षांनी लिहितोय. फोन तू उचलणार नाहीस, आणि उचललासच तर मला काय बोलावं ते सुचणार नाही, म्हणून कागद घेतला. अक्षर बिघडलंय, सांभाळून घे. तुझा पाय आता कसा आहे? मिरजेकडचं कुणी भेटलं की विचारतो, पण नीट कोणी सांगत नाही.

आमचं बरं चाललंय. सुनयनाची साखर ताब्यात आहे. पार्थ आणि ऋता कोपरखैरण्यालाच असतात, जाई नववीत गेली. आमच्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट दर मीटिंगला सुरू होतं आणि मीटिंग संपली की थांबतं. पावण्याची फॅक्टरी सोडून मला दहा वर्षं झाली. सकाळी फिरायला जातो, पेपर वाचतो, दुपारी झोपतो. यात सांगण्यासारखं काही नाही.

लिहायचं कारण वेगळं आहे. गेल्या आठवड्यात आपल्याकडे केनियाची एक बाई आली होती. वांबुई तिचं नाव. वय चाळिशीच्या आतलं, कॉलेजात इतिहास शिकवते. इकडे हॉस्पिटलांमुळे आफ्रिकेतले पेशंट बरेच येतात, त्यामुळे आमच्या वाण्याकडे आता पांढऱ्या मक्याचं पीठही मिळतं. तिच्या आईची हृदयाची झडप बदलली. आईचं नाव न्जेरी. त्या दोघी स्टेशनजवळच्या एका गेस्ट हाउसमध्ये उतरल्यात.

न्जेरीबाई म्हणजे आपल्या गिटाऊची मुलगी.

आई-दादांच्या नैरोबीतल्या क्वार्टरच्या मागच्या खोलीत राहणारा गिटाऊ. मी त्याला पाहिलेला नाही, आईच्या तोंडून नाव तेवढं ऐकलंय. तो कपडे धुवायचा, बागेत पाणी घालायचा आणि तुला शाळेत सोडायचा, एवढंच मला ठाऊक.

वांबुईनं आपल्याला शोधलं ते दादांच्या जन्मशताब्दीच्या पुस्तिकेमुळे. त्या पुस्तिकेवर तुझं मत काय आहे ते मला माहीत आहे. पार्थनं ती तेव्हा इंटरनेटवर टाकली होती, त्यात दादांचं पूर्ण नाव आणि क्वार्टरचा पत्ता होता. तिनं दोन वर्षांपूर्वीच मेल केला होता. पार्थनं तो मला दाखवला नाही. "बाबा, कशाला नसतं टेन्शन," असं आता म्हणतो. आईला इकडे आणायचं ठरल्यावर तिनं पुन्हा लिहिलं, आणि या वेळी पत्र माझ्या हाती आलं.

बाई शांत आहे. चहा घेतला, सुनयनाच्या पोह्यांचं कौतुक केलं. नैरोबीच्या सरकारी दफ्तरखान्यात बसून ती किकुयू लोकांच्या इंग्रजांविरुद्धच्या लढ्याचे कागद गोळा करते. इंग्रजांनी जाताना कैद्यांच्या छावण्यांच्या पुष्कळ फायली जाळल्या, काही विलायतेला नेऊन वर्षानुवर्षं दडवून ठेवल्या. जे उरलं ते चुकून उरलं, असं ती म्हणाली. दादा कारकून होते त्या पास-कचेरीचे दोन-तीन कागदही तिला असेच मिळाले. क्वार्टर वाटपाच्या फायलीत कोणीतरी चुकून लावले होते. तिनं त्यांच्या प्रती मला दिल्या. त्यात विशेष काही नाही.

एक विनंती आहे. त्यांच्याकडे गिटाऊचा तरुणपणीचा एकही फोटो नाही. क्वार्टरच्या पायऱ्यांवर तू पांढऱ्या फ्रॉकमध्ये बसली आहेस आणि मागे तो उभा आहे, असा एक फोटो आईनं तुला दिला होता. पाठवशील का? प्रत काढून लगेच परत करेन. त्या एकवीस तारखेला जाणार आहेत.

पायाची काळजी घे.

तुझा,
सुधीर


नेरूळ
१३ नोव्हेंबर २०२५

ती. ताई,

फोटो सोमवारी कुरियरनं मिळाला. पाकीट दोनदा उलटं करून पाहिलं, आत तुझी ओळ नव्हती. मी अपेक्षाही करायला नको होती.

मागच्या पत्रात कागदांत विशेष काही नाही असं मी लिहिलं, ते खोटं होतं. पत्र टाकायला गेलो तेव्हाही ते मला माहीत होतं. तुला आधी सांगायचं, की आधी फोटो मागायचा, यात मी फोटो निवडला. कागदांबद्दल कळल्यावर तू फोटो पाठवणार नाहीस, अशी भीती वाटली.

आता क्रमानं लिहितो.

पहिला कागद म्हणजे दादांचा जबाब आहे. दादांनी स्वतः टाइप केलेला असावा, कारण समासही त्यांच्या सवयीचा आहे. खाली त्यांची सही. इंग्रजी कचेरीचं आहे, मी मराठीत सांगतो. "माझ्या टेबलावरचे चोवीस कोरे पास गहाळ झाले आहेत. त्यांच्याशी माझा काही संबंध नाही. माझ्या क्वार्टरच्या मागे राहणारा नोकर गिटाऊ याच्यावर माझा संशय आहे. त्याच्याकडे अनोळखी माणसं येतात. माझ्या आठ वर्षांच्या मुलीने ती स्वतः पाहिली आहेत."

पासाशिवाय किकुयू माणसाला शहरात हिंडता येत नव्हतं आणि जंगलातल्या लढणाऱ्यांना कोरे पास हवे असत, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. चोवीस पास गेले म्हणजे दादांची नोकरी गेली असती. कदाचित तेही आत गेले असते. हे मी त्यांच्या बाजूनं लिहितोय असं समजू नकोस. कागदावर जे दिसतं तेवढं सांगतोय.

दुसरा कागद त्या शनिवारचा. चोवीस एप्रिल १९५४. लष्करानं पहाटे नैरोबी वेढलं, घराघरांतून किकुयू पुरुष बाहेर काढले आणि लॉऱ्यांत भरले. त्या यादीत गिटाऊचं नाव आहे. नावापुढे दादांच्या जबाबाचा नंबर आहे आणि 'धोकादायक' असा शिक्का.

तिसरा कागद जूनमधला. एका ओळीचा शेरा आहे. चोवीस पास दुसऱ्या कपाटात मिळाले, मोजले, बरोबर आहेत. त्याखाली दादांची आद्याक्षरं आणि 'पाहिले'.

बस, इतकंच. त्यानंतर दादांनी कोणाला काही लिहिल्याचा कागद नाही. वांबुईनं शोधला होता. मी तिला विचारलं, "हरवला असेल?" ती म्हणाली, "असू शकतं. पण माझे आजोबा एकोणसाठ साली सुटले."

पाच वर्षं, ताई. पास सापडल्यानंतरची पाच वर्षं.

फोटो घेऊन मी मंगळवारी गेस्ट हाउसवर गेलो. न्जेरीबाई उशीला टेकून बसल्या होत्या. वय पासष्ट, आवाज अजून बारीक आहे. त्यांनी फोटो बराच वेळ हातात धरला. वडलांच्या चेहऱ्यावरून बोट फिरवलं, मग कानाजवळ थांबवलं. छावणीतून आल्यावर वडलांना उजव्या कानानं ऐकू येत नव्हतं, असं म्हणाल्या. गावाकडे थोडी जमीन होती, ती त्यांच्या माघारी दुसऱ्याला दिली गेली होती. पुढे ते सुतारकाम करत. एक्याऐंशी साली गेले.

मग त्यांनी विचारलं, "ही मुलगी कोण?"

"माझी बहीण. वैजयंती."

"वेजू," त्या म्हणाल्या.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. वांबुई हसली. म्हणाली, "आमच्या घरात हे नाव सगळ्यांना माहीत आहे. आजोबा सांगायचे, वेजू पाढे म्हणत शाळेत जायची आणि सातच्या पाढ्याला अडखळायची."

मी मान डोलावली. 

न्जेरीबाई म्हणाल्या, "बाबांना बाबूचा, म्हणजे तुमच्या वडलांचा, राग होता. चौकशीच्या वेळी त्यांना बाबूचा जबाब वाचून दाखवला होता, त्यामुळे नाव कोणी दिलं हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. पण एक गोष्ट त्यांना मरेपर्यंत कळली नाही. त्यांना लॉरीत चढवलं तेव्हा ती मुलगी मागे धावत आली. 'निसामेहे, निसामेहे' म्हणून ओरडत होती. मला माफ कर, मला माफ कर. बाबा म्हणायचे, या लेकरानं माझं काय केलं होतं? ती कशाची माफी मागत होती?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला माहीत आहे?"

मला माहीत होतं. मी "नाही" म्हणालो आणि पाणी प्यायलो.

ताई, मला हे एकवीस वर्षांपासून माहीत आहे. आई शेवटच्या आजारपणात इथे होती तेव्हा एका दुपारी तिनं सांगितलं होतं. म्हणाली, "शुक्रवारी संध्याकाळी ह्यांनी वैजूला मांडीवर घेतलं आणि विचारलं, गिटाऊकडे कोण येतं गं? ती म्हणाली, हाताला फडकं बांधलेला एक माणूस येतो. शनिवारी त्याला नेलं. पोरगी दोन महिने बोलली नाही रे. मी सगळ्यांना गालगुंड झालं म्हणून सांगितलं." मी विचारलं, तू तिला काही समजावलंस का? आई म्हणाली, "काय समजावणार? तिनं सांगितलं होतंच ना." आणि कूस बदलली.

मी तेव्हा गप्प बसलो. तुला फोन करायला हवा होता. मनाशी म्हटलं, म्हाताऱ्या बाईला काय आठवतंय, काय नाही. पुढे दादांची शताब्दी आली. शताब्दीचा कार्यक्रम ठेवणाऱ्या इथल्या मंडळाच्या लोकांना काहीतरी वाचायला हवं होतं. दादा एकदा म्हणाले होते, "त्या लोकांसाठी आम्हीही थोडं केलं." तेवढ्या एका वाक्यावर मी 'कचेरीत राहून स्वातंत्र्यसैनिकांना गुप्त मदत' असा अख्खा परिच्छेद रचला. आईनं सांगितलेलं डोक्यात असताना रचला. तू पुस्तिका परत पाठवलीस, वर एकच ओळ लिहून, 'तेव्हा तू जन्मलाही नव्हतास.' मला राग आला होता. मी सुनयनाला म्हणालो, ताईला दादांचं मोठेपण बघवत नाही. हेही तुला कळलेलं बरं.

तुझी एक जुनी विद्यार्थिनी मला वाशीत भेटली होती. म्हणाली, "बाईंच्या वर्गात काच फुटली तरी त्या 'कोणी फोडली' असं कधी विचारायच्या नाहीत. फुटकी काच स्वतः गोळा करायच्या." ती हे गंमत म्हणून सांगत होती.

आता ज्यासाठी हे पत्र लिहितोय ते. दादांच्या जबाबाची तारीख मी पहिल्यांदा वाचली तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. मंगळवारी गेस्ट हाउसवरून घरी आलो, कागद पुन्हा काढला आणि मोबाइलवर चोपन्न सालचं कॅलेंडर लावलं. जबाब वीस एप्रिलचा आहे. त्या दिवशी मंगळवार होता. कचेरीचा आवक शिक्काही वीस तारखेचाच आहे.

तुला विचारलं शुक्रवारी. तेवीसला.

'माझ्या मुलीने पाहिलं' असं दादांनी लिहून दिलं तेव्हा तू काहीच सांगितलेलं नव्हतंस. तुला कोणी विचारलंही नव्हतं. गिटाऊचं नाव तीन दिवस आधीच कचेरीत पोचलं होतं. मग शुक्रवारी का विचारलं? उद्या कोणी घरी येऊन मुलीला विचारलं, तर लिहिलेलं खरं ठरावं म्हणून, असं मला वाटतं. यापेक्षा बरं कारण मी शोधलं, मला सापडलं नाही.

तू "कोणी येत नाही" म्हणाली असतीस तरी शनिवारी लॉरी आलीच असती. वांबुईला मी आज सकाळी फोन करून ही तारीख पुन्हा तपासायला सांगितली. तिनं तिच्याकडचा मूळ कागदाचा फोटो पाहिला आणि म्हणाली, "वीसच आहे." मग मी तिला सगळं सांगितलं, आईनं सांगितलेलंसुद्धा.  ती म्हणाली, "आईला हे मी सांगते."

तिच्या पुस्तकात हा जबाब दादांच्या नावासकट छापायला मी लेखी होकार दिलाय. पार्थ चिडलाय. "आजोबांचं नाव खराब करून तुम्हाला काय मिळणार?" असं विचारतो. मी त्याला पुस्तिका इंटरनेटवरून काढायला सांगितली. त्यानं काल काढली. मंडळाच्या वाचनालयात चार प्रती होत्या, त्या मी जाऊन घेऊन आलो.

दुपारी न्जेरीबाईंचा फोन आला. म्हणाल्या, "तिला सांगा, बाबांनी तिला कधी दोष दिला नाही. त्यांना माहीतच नव्हतं की ती स्वतःला देते." पुढे विचारलं, मी तिच्याशी बोलू का? मी तुझा नंबर दिलेला नाही. तू हो म्हणालीस तर देईन. त्या एकवीसपर्यंत इथे आहेत. तुला प्रवास झेपणार नाही हे मला कळतं.

जबाबाची प्रत सोबत जोडली आहे. तारीख उजव्या कोपऱ्यात वर आहे. शिक्का थोडा पुसट आहे, भिंग घेऊन बघ.

माझ्यावर रागावलीस तर ते बरोबरच आहे. पण त्या आठ वर्षांच्या मुलीवर आता रागावू नकोस, ताई. तिच्या हातात काहीच नव्हतं.

आईनं सांगितलं त्याच दिवशी तुला फोन करायला हवा होता, तो न केलेला,
तुझा धाकटा भाऊ
सुधीर