शनिवारच्या वाचनातलं एक पान

बाबा,

"गाळायचंच असेल तर पुस्तक मिट, पान गाळू नको." हे वाक्य तुम्ही चुलीसमोर बसून म्हणालात तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. आता पंचेचाळिशी जवळ आली आहे, तरी मुलींच्या वह्या तपासताना, धान्य निवडताना, कधी कधी नुसती दारात उभी असताना ते मला ऐकू येतं. इतकी वर्षं ते ऐकू आलं की हातातलं काम थांबायचं. काल संध्याकाळपासून थांबत नाही. एवढंच सांगायला बसले आहे. लढाईपासून कोरा कागद मिळणं कठीण झालंय, म्हणून परीक्षेच्या जुन्या पेपरांच्या मागच्या बाजूला लिहिते. तुम्हाला ते खटकणार नाही. तुम्हीही लायब्ररीच्या जुन्या याद्या उलट करून त्यांवरच नव्या लिहून घ्यायचात.

आज रविवार आहे, शाळा नाही, भाकरी टाकून झाल्यात आणि चूल अजून धगधगते आहे. अशाच चुलीपाशी आपली सकाळ जायची. आई गेल्यावर स्वयंपाक माझ्याकडे आला, आणि तुमची नजर गेल्यावर पुस्तकही माझ्याकडे आलं. पहिली गोष्ट सगळ्या वाशीमला माहीत होती, दुसरी फक्त आपल्या घराला. निदान मला तसं वाटत होतं. मी पिठाच्या डब्याला टेकवून पुस्तक उभं ठेवते, एक भाकरी थापते, एक वाक्य वाचते. तुम्ही पाटावर मांडी घालून बसलेले, डोळे मिटलेले, बोटांनी गुडघ्यावर काहीतरी मोजत असता. पान संपलं की तुम्ही ते जसंच्या तसं म्हणून दाखवता, एखादा शब्द चुकला तर मी फक्त "अंहं" म्हणते. दर सकाळी दोन पानं, कधी तीन. शनिवारपर्यंत वाचनाची शिदोरी तयार व्हायची.

शनिवारी शाळा अर्धी असायची. दुपारी तुम्ही सांभाळत होतात ती शाळेच्या लायब्ररीची खोली उघडली की चपराशी बाकं भिंतीला लावून मधे सतरंजी घालायचा. बाजाराच्या दिवशी आलेली खेड्यापाड्यांची माणसं, दुकानांवरचे मुनीम, दोन-चार पेन्शनर, शाळेतले मास्तर, सगळे यायचे. आधी शिरपूरचा एक मृदंगवाला हात मोकळा करून घ्यायचा, मुलं एखादी कविता म्हणायची, कोणी पाटीवर काढलेलं चित्र दाखवायचं, आणि मग तुम्ही पुस्तक उघडायचात. खोलीच्या एका कोपऱ्यात दोरीवर जुनं जाजम टाकलेलं असे. त्याच्या मागे बायका, आणि बायकांच्याही मागे, भिंतीला टेकून मी.

मी तिथे सुपारी कातरायला बसते, असं सगळ्यांना ठाऊक होतं. वाचन संपल्यावर सगळ्यांना सुपारी वाटायची पद्धत होती. पण माझा अडकित्ता सुपारीसाठी वाजत नव्हता. तुम्ही समोर पुस्तक धरून पाठ केलेलं म्हणत असायचात आणि पान कुठे संपतं ते तुम्हाला दिसत नव्हतं. हेडमास्तर कधी कधी अगदी तुमच्या शेजारी येऊन बसायचे. म्हणून मी मनातल्या मनात तुमच्याबरोबर म्हणत राहायचे, आणि पान संपलं की अडकित्ता वाजवायचे. कट. तुम्ही पान उलटायचात. दुसऱ्या कुठल्या मुलीने बांगड्या वाजवून खूण केली असती. माझ्या हातांत त्या नव्हत्या. नवव्या वर्षी भरल्या होत्या, अकराव्या वर्षी गेल्या. ज्याच्या नावाने गेल्या त्याचा चेहरा मला तेव्हाही नीट आठवत नव्हता.

आणि तो आठवडा. गोष्टीतली मुलगी झोक्यावर बसून हसत होती, तिथे आपण थांबलो होतो. पुढचं पान मी चुलीपाशी उलटलं आणि नजर खालपर्यंत धावली. त्या पानावर त्या मुलीला अंगणात नेतात. काय करतात ते मला वाचायची गरज नव्हती. मी दोन्ही बाजू सोडल्या आणि पुढच्या पानाची पहिली ओळ वाचली. तुमची बोटं गुडघ्यावर थांबली.

"जोड बरोबर लागली का?" तुम्ही विचारलंत.

"भाकर करपून राहिली," मी म्हटलं आणि तवा उतरवला. भाकर करपत नव्हती.

शनिवारी ती जागा आली तेव्हा मी अडकित्ता लागोपाठ दोनदा वाजवला, कारण पुस्तकातली पानं तरी बरोबर राहायला हवी होती. जाजमाच्या फटीतून मला तुमचा हात दिसत होता. त्याने दोन पानं उलटली आणि क्षणभर तो तसाच राहिला. त्या क्षणी तुम्हाला कळलं. तरीही तुम्ही पुढे म्हणत गेलात. आणि माझ्या पुढ्यातली, जऊळक्याकडच्या वस्तीवरून भाजी विकायला येणारी म्हातारी, जिला सगळे मावशी म्हणायचे, ती टोपली बाजूला सारून एकदम म्हणाली, "ओ मास्तर! थांबा जरासक."

जाजमामागून बाईचा आवाज त्या खोलीत कधी निघाला नव्हता. मृदंगवाल्यानेसुद्धा मान वळवली.

"मागल्या शनवारी थे पोरगी झोक्यावर बसून हासून राह्यली होती. आज म्हंता तिच्या हाती बांगडी नाही अन् घरात तिच्याशी कोनी बोलत नाही. मंधात काय झालं? आमाले येडं समजता काय?"

पुरुषांच्या बाजूने कोणीतरी ओरडलं, "मावशी, तू बी भाजी देतांना मंधातली जुडी अशीच गाळतं!"

"माही जुडी मोजून घे नं बावा," ती म्हणाली, "पन गोष्ट मले पुरी पाह्यजे."

सगळे हसले. हेडमास्तर हसले नाहीत. त्यांनी हात पुढे केला. "द्या इकडे, मी बघतो." त्या वेळी मला वाटलं, संपलं. ते तुम्हाला म्हणणार, हे पान तर आहे, वाचा. आणि तुम्हाला ते वाचता येणार नाही. पुस्तकं सांभाळणाऱ्या माणसाला अक्षर दिसत नाही हे पन्नास माणसांसमोर उघडं पडणार, आणि ते मी केलेलं असणार. तुम्ही पुस्तक मिटून छातीशी धरलंत. "पान चिकटलंय, साहेब. घाईने सोडवलं तर फाटेल. पुढच्या शनिवारी मावशींना पुरी गोष्ट मिळेल, माझा शब्द आहे."

अडकित्ता माझ्या हातात उघडाच राहिला होता. मावशीने मागे वळून पाहिलं, माझ्या मोकळ्या कपाळाकडे, मग हातांकडे. तिने आपला खरबरीत हात माझ्या अडकित्त्यावर ठेवला आणि इतकं हळू म्हणाली की शेजारणीलाही ऐकू गेलं नाही, "बाई, थे पान तुयापाशी हाये नं?"

घरी तुम्ही जेवलात. हात धुतलेत, पाटावर परत येऊन बसलात आणि ते वाक्य म्हणालात. मग म्हणालात, "वाच." मी वाचलं. पहिल्यांदा निम्म्यावर थांबले, दुसऱ्यांदा शेवटपर्यंत पोचले, तिसऱ्यांदा माझा आवाज सरळ राहिला. तुम्ही म्हणून दाखवलंत तेव्हा तुमचा मात्र राहिला नाही. पुढच्या शनिवारी तुम्ही ते पान खोलीत म्हटलंत. जाजमामागे एकही बाई हलली नाही. शेवटी मावशीने नाक शिंकरलं आणि म्हणाली, "आता झाली पुरी."

त्यानंतरचं मी तीस वर्षं चुकीचं समजत आले, बाबा. दुसऱ्याच दिवसापासून तुम्ही मला पुस्तक उघडायला सांगितलं नाहीत. आठ दिवसांत लायब्ररीच्या चाव्या कंबरेला दिसेनाशा झाल्या. शनिवारी खोलीला कुलूप. मी विचारलं, तर "झालं ते झालं," एवढंच. आणि जूनमध्ये तुम्ही माझी वळकटी बांधायला लावून मला अकोल्याच्या गाडीत बसवून दिलंत, तिथून पुढे अमरावतीला, मास्तरणींच्या ट्रेनिंगला. फलाटावर काठी टेकून उभे होतात. आजूबाजूच्या बाया आपापल्या पोरींना दहा गोष्टी सांगत होत्या. तुम्ही म्हणालात, "नीट वाच." दोनच शब्द. मला वाटलं, जाता जाताही तुम्ही तेच बोलून दाखवताय. माझ्यामुळे जागा गेली, आता मी डोळ्यांसमोर नको, म्हणून पाठवताय. तुमच्या डोळ्यांसमोर काहीच नव्हतं, हे त्या रागात माझ्या लक्षातही आलं नाही. तुमची पोस्टकार्डं दुसऱ्याच्या हातची यायची, "इकडे सर्व खुशाल," त्यात काय विचारणार आणि काय सांगणार? दुसऱ्या वर्षी एक कार्ड आलं, त्याचा कोपरा फाडलेला होता. तसं कार्ड कोणी गेल्याचंच असतं, ते वाचण्याआधीच कळतं.

मी परत इथेच आले. मुलींच्या शाळेत शिकवते. मोकळ्या कपाळाने शाळेत शिकवायला जाताना पाहून पहिल्या वर्षी लोक वळून बघायचे, आता सगळं गाव बाई म्हणतं. त्या खोलीचं कुलूप या वर्षी उघडलं. पुढेमागे गावात कॉलेज निघालं तर पुस्तकं तिकडे न्यायची असं लोक बोलतात. तोपर्यंत निदान धूळ झटकावी म्हणून मी चावी मागितली. जाजम उंदरांनी खाल्लं होतं. दुसरं लावलं नाही. शनिवारचं वाचन पुन्हा सुरू केलं. मुली गाणी म्हणतात, उंबऱ्यात रांगोळी काढतात, बायका पुढच्या सतरंजीवर बसतात, आणि पुस्तक तेच घेतलं आहे. काल ते पान आलं. मी पुस्तक समोर धरून ते दोन्ही बाजूंनी वाचलं. मधे थांबले नाही. एका म्हाताऱ्या बाईने नंतर आपणहून दोन ओव्या म्हटल्या, कोणी सांगितलं नव्हतं.

सगळे गेल्यावर दारापाशी तुमचा चपराशी बसलेला होता. आता पार वाकलाय. म्हणाला, "बाई, हे पान तुमच्या बाबाच्या तोंडून ऐकलं होतं. त्याच्या दुसऱ्या दिवशी मीच त्याहिले हात धरून हेडमास्तरच्या घरी नेलं."

मी म्हटलं, "कशाला?"

"तुमाले ठाऊक नाही?" तो माझ्याकडे बघतच राहिला. "तुमचे बाबा म्हने, साहेब, पुस्तक मी वाचत नाही, माही पोरगी वाचते. सालभर तुमाले फसवलं. हेडमास्तर म्हने, मास्तर, मले दिसत बी हाये अन् ऐकू बी येते. इतकी सुपारी साऱ्या वाशीमात खपत नाही." तो हसला, दात नाहीत आता. "मंग तुमचे बाबा म्हने, ठाऊकच हाये तं तिले ट्रेनिंगची चिठ्ठी द्या. माह्यासाठी लय वाचलं तिनं एकटीनं, आता सोतासाठी वाचू द्या. चिठ्ठी भेटली तशा चाव्या टेबलावर ठेवल्या. साहेब म्हने, चाव्या राहू द्या नं, आमी सांभाळून घेऊ. तं म्हने, पोरगी गेल्यावर मले वाचून कोन दाखवन?"

मी त्याला म्हटलं, हे इतकी वर्षं का नाही सांगितलं. तो म्हणाला, "मले वाटलं, बापानं सांगतलं असन." त्याच्या दृष्टीने ते इतकं साधं होतं.

मी तिथेच बाकावर बसले. रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. खूप वेळ डोक्यावर धरलेली घागर कोणी हळूच उतरवून घ्यावी, तशी मान आपोआप वर झाली. फलाटावरचे दोन शब्द मी पुन्हा ऐकले. तुम्ही मला ओरडत नव्हतात. तुम्ही मला काम सांगत होतात. घरी येताना भाजीवाल्यांच्या रांगेतून आले आणि मेथीची एक जुडी जास्त घेतली, काही कारण नसताना. आज सकाळी ती निवडताना तुमचं ते वाक्य ऐकू आलं, आणि मी चक्क "हो बाबा" म्हटलं.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. त्या पुस्तकात, त्या पानाशी ठेवून देईन. चपराशाचं बोलणं ऐकून सगळं मोकळं झालंय असं वर लिहिलं, ते खरं आहे, पण पूर्ण खरं नाही. पुढच्या शनिवारी शेवटचं प्रकरण आहे. त्यात मुलगी घरी परत येते तेव्हा तिचा बाप गेलेला असतो, एवढंच एक पान. आज सकाळपासून मी ते तीन वेळा मोठ्याने वाचून पाहिलं. तिन्ही वेळा निम्म्यावर थांबले. समोर या वेळी कोणी मावशी नसेल, आणि त्या पानाशिवायही गोष्ट बरीचशी जुळते, मी बघितलं आहे. तेवढं एक मला गाळू द्या ना, बाबा.