इकडे पुसलं की तिकडेही

सोमवार, ३ जून
आलो एकदाच्या या बातांगास शहरात! बंदराजवळचं भाड्याचं घर आईला पसंत पडलं; सामान लागायच्या आधीच तिने कॉफी उकळलीसुद्धा. नोकरी मालवाहतुकीच्या कचेरीत, आजारी लिगायाताईंच्या जागेवर. निम्मे दिवस घरून काम करायचं, म्हणून कॉम्प्युटरवाल्या बोयेटने कचेरीतला आणि घरचा मेल जोडून दिला. इकडे लिहिलं की तिकडे दिसतं, इकडे पुसलं की तिकडूनही जातं. ही रोजनिशीसुद्धा मेलच्या मसुद्यांतच लिहीन म्हणते. आई म्हणाली, देवाशी बोलायची एवढी सोय असती तर गुडघे तरी वाचले असते.

शुक्रवार, ७ जून
लिगायाताई गेल्या. जवळचं कुणी नव्हतं बिचारीला. काल संध्याकाळी सगळी कचेरी शेवटच्या दर्शनाला गेली होती. परतताना बाकीचे पावाच्या दुकानात थांबले. मला घरून एक मेल धाडायचा होता, मी सरळ घरी आले. आज जेवताना ते ऐकून शेजारच्या टेबलावरच्या नोराताईंचा घास तोंडातच राहिला. मयताच्या घरून थेट आपल्या घरी जायचं नाही, मध्ये कुठंतरी टेकायचं, म्हणजे मागे लागलेलं तिथंच चुकतं. मला काय ठाऊक नाही? लहानपणापासून पाळत आलेय. मेलच्या नादात विसरले, झालं.

मंगळवार, ११ जून
कचेरीत मसुदे उघडले तर मी न लिहिलेली एक ओळ: ‘माझी जागा छान ठेवलीस.’ खाली नोंद, घरच्या कॉम्प्युटरवरून लिहिल्याची. आईला तर तो चालूही करता येत नाही. बोयेटची थट्टा समजून त्याला चांगलं झापलं. तो आईची शपथ घेऊन नाही म्हणाला. ओळ पुसून टाकली.

गुरुवार, १३ जून
पुन्हा. ‘तुझी आई भात छान करते.’ तडक घरी फोन लावला. आई खुशीत होती.
“अगं, तुझ्या कचेरीतल्या बाई आल्यात. तुझ्या खुर्चीत बसून टाइप करतायत. हात किती गार गं त्यांचे!”
धावत घरी आले. खुर्ची रिकामी. टेबलावर दोन ताटं, एक तसंच भरलेलं. मला भीती वाटते. फार.

शुक्रवार, १४ जून
नोराताई म्हणाल्या, आईला पावाच्या दुकानात ने, दोघी पोटभर खा, म्हणजे मागे लागलेली ती बाई तिथंच राहील. आई उठेचना. पाहुणीला एकटं टाकून कसं जायचं म्हणते. ओढलं, रागावले, रडले — नाहीच.

सोमवार, १७ जून
साहेबांनी कचेरीत बोलावलं, यावंच लागलं. मसुद्यात नवी ओळ —
‘मला कुणी नाही. आई मला दे.’
लिहिलं, नाही देणार. डोळ्यांदेखत पुसलं गेलं. घरून.

तेच लिहिते — आई माझी आहे — तेही जातंय, एकेक अक्षर — जीव गेला तरी — माझी —

माझी — घरी एकटी आहे — धावत जायला हवं — माझी —

कोण? घरी कोण आहे?

फोन वाजतोय. वर नाव ‘घर’. पण मी तर एकटीच राहते ना. मग हे रडू कशाचं, आणि माझ्या हाताला भाताचा वास कु