एकतीस नंबरचा म्हातारा

३ जून

नव्वद नंबर आज सकाळी गेला. एकशेवीस उंदरांपैकी आता उरला एकच — एकतीस! वय चार वर्षं दोन महिने. एवढा म्हातारा उंदीर मी तीस वर्षांत पाहिला नाही.

निम्म्या उंदरांत आम्ही एक जनुक बदललंय, निम्मे साधे. कुठला कोण ते बंद पाकिटात. आणि पाकीट उघडायचं शेवटचा उंदीर आपल्या मरणानं मेल्यावरच. नियम माझाच! तीस तारखेला मी निवृत्त. जन्मभर आयुष्य लांबवायचं संशोधन केलं, आणि आता एका म्हाताऱ्याच्या मरणाकडे डोळे लावून बसलेय.

४ जून

जिवंत.

५ जून

जिवंत. चाकावर पळत होता, मेला!

९ जून

जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी उलटापालटा करून पाहिला. "मॅडम, ठणठणीत आहे. दात तर माझ्यापेक्षा बरे." वजन तेवढं कमी. पण तो पहिल्यापासूनच सडपातळ. जनुकाचा गुण, दुसरं काय!

काका पिंजरा जागेवर ठेवताना पुटपुटले, "आगाऊ आहे लेकाचा." वीस वर्षं प्राणीगृह सांभाळतायत. प्रत्येक पिंजऱ्यात रोज खाद्य घालायचं काम त्यांचंच. उंदरांशी बोलतातही — हा गुणी, तो लबाड. मी ऐकून सोडून देते.

१२ जून

विभागप्रमुखानं बोलावलं. माझाच विद्यार्थी! पिपेट कशी धरायची ते मी शिकवलंय त्याला. "मॅडम, तुम्ही निवांत घरी जा. तो मेला की पुढचं मी बघतो ना."

पुढचं म्हणजे संशोधनाचा पेपर. नाव त्याचं, आणि मी खाली आभारात. तीस वर्षं राबले ती आभारात जायला? त्याच्यासमोर नाही रडले. जिन्यात रडले.

१७ जून

जिवंत. जेवताना आईचा रोजचा प्रश्न — "गेला का गं?"

"नाही."

"कुणाच्या मरणाची अशी वाट बघू नये बाई. माझी पण बघतेस की काय?"

"आई!"

"विचारलं आपलं. भाजी वाढ." अठ्ठ्याऐंशीची आहे. दोनदा भाजी घेतली.

१९ जून

पिंजऱ्यापाशी एकटीच होते. "मर ना रे बाबा एकदाचा!" म्हणाले, चांगलं खणखणीत. मागे सफाईवाल्या बाई उभ्या! संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीत झालं, मॅडम फोनवर नवऱ्याला शिव्याशाप देतात. नवऱ्याला जाऊन अकरा वर्षं झाली.

२४ जून

प्रमुखानं पेपरवाले बोलावले. फुगे काय, फलक काय — 'दीर्घायुष्याच्या जनुकाचा मानकरी'! पाकीट अजून बंद, पण ह्याला कोण सांगणार? केक पिंजऱ्यापेक्षा मोठा. फोटोसाठी म्हाताऱ्याला हातात घेतला, तर कडाडून चावला! प्रमुख किंचाळला, फोटो तोच छापायला गेला.

काका कोपऱ्यात उभे. "मला पण असाच चावला होता, पहिल्याच आठवड्यात." चेहऱ्यावर केवढं समाधान!

२८ जून

गेला. साडेसातला काकांचा फोन आला. महिनाभर ज्याची वाट पाहिली, ते ऐकून मी भडाभडा रडले. आईनं पाणी दिलं.

दुपारी सगळ्यांसमोर पाकीट उघडलं. एकतीस — साधा.

साधा! जनुकवाले सरासरीनं चार महिने जास्त जगलेत, झकास जगलेत. पण फोटो छापून आलेला, सगळ्यांना पुरून उरलेला हा एक फुकट्या! आता जनुकाचं कौतुक कोण ऐकणार? प्रमुख पांढराफटक. मग एकदम उदार — "मॅडम, पेपर तुमचाच. माझं नावसुद्धा नको. लेखी देतो!" दिलंही तिथल्या तिथे. हात झटकून मोकळा.

३० जून

निरोप समारंभ. म्हातारपणावर काम करणाऱ्या बाईला भेट काय, तर घड्याळ!

सगळे गेल्यावर काका आले. "मॅडम, तुम्ही चाललात, आता मनात नाही ठेवत. तो चावला ना मला, तेव्हापासून त्याला अर्धंच घालायचो. चार वर्षं."

अर्धपोटी उंदीर जास्त जगतो, हे आमच्या धंद्यात पोरासोरांना माहीत! म्हणून सडपातळ! म्हणजे एकतीस नंबर बाद. रीतसर बाद! जनुक खरं ठरलं, पेपर माझा, तोही लेखी! मी काकांचे हातच धरले. ते घाबरले. "नोकरी जाईल का हो?" म्हटलं, तुम्ही डिसेंबरात निवृत्त होताच आहात, एवढं लिहून द्या, पुढचं मी निस्तरते.

घरी आईला सांगितलं. ती विचारात पडली. "उपाशी ठेवला म्हणून जगला? मग उद्यापासून मला एकदाच वाढ."

कित्येक महिन्यांनी पोट दुखेपर्यंत हसले.

१ जुलै

काकांचा जबाब लिहून घेतला. सहीआधी विचारलं, आपलं नोंदीपुरतं — बाकीच्या एकशेएकोणीसांना तर मोजूनच घालत होतात ना?

काकांना वाईट वाटलं. "सगळ्यांना सारखं कसं घालीन, मॅडम? ज्याचं जसं वागणं, तसं."