आईंसाठी बोलका लॅपटॉप

३ फेब्रुवारी, सोमवार
डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं — सासूबाईंची उरलीय ती नजर सांभाळायची, वाढणार नाही. जन्मभर छापखान्यात प्रुफं तपासली, आणि आता बातमीचा मथळासुद्धा मी वाचून दाखवायचा. तेही आईंना पटत नाही. "स्वल्पविराम गिळलास!"
ठरवलं. माझा जुना लॅपटॉप त्यांना द्यायचा, वाचून दाखवणारा. त्यावरची सिस्टिम रांगतेय. फुकटातली एखादी चांगली टाकू. त्यात काय!

४ फेब्रुवारी
त्यात काय म्हटलं आणि फसले. फुकटातल्या सिस्टिममध्ये एकट्या लिनक्सच्याच शंभर जाती, वर बीएसडीचं घराणं वेगळं! नणंद म्हणते, "वहिनी, डोळे मिटून लिनक्समधली डेबियन." माझा दादा म्हणतो, "फ्रीबीएसडी टाक. सगळं एका हातचं, नीटनेटकं." फोनवर दोघांची जुंपली. मी फोन ओट्यावर ठेवून भांडी घासली, पुसली, लावली. तरी चालूच!

८ फेब्रुवारी, शनिवार
दोघंही पेनड्राइव्ह घेऊन दारात!
आधी दादा. देखणं काम — खटाखट बसवली.
"बोलते का?" आईंनी विचारलं.
"बोलेल ना काकू. आधी चार गोष्टी पडद्यावर बघून —"
"बघून?"
दादाने पेनड्राइव्ह काढून खिशात टाकला.
मग नणंद. तिचा पेनड्राइव्ह लावून बीप वाजल्यावर तिने एस दाबलं, एंटर मारलं — आणि बसवायच्या आधीच यंत्र बोलायला लागलं! इंग्रजीत, नाकातून, पण बोललं. तिने लॅपटॉप उचलून आईंच्या मांडीवर ठेवला. "आता तूच बसव."
बसवली! मध्ये एकदा चुकून सगळं बंद केलं, पुन्हा पहिल्यापासून. शेजारी बसून "काकू, खालचा बाण... हां, एंटर!" कोण करत होतं? दादा!
सुरू झाल्यावर आई हसल्या. मोठ्याने. किती दिवसांनी...

९ फेब्रुवारी
डेबियनच. दादा जाताना कानात म्हणाला, "माझ्या मशीनवर मात्र मी काही बदलत नाही हं!"

१३ फेब्रुवारी
आई वैतागल्यात. वाचणारा मराठी आवाज 'ज' एकच जाणतो. "जग म्हणजे दुनिया, आणि जग म्हणजे जिवंत राहा. दोन्हीचा उच्चार एकच? कुणी तपासलंय की नाही हे?"
दादाला फोन केला. "हा आवाज बनवणाऱ्यांनाच लिही. लोक आपापला वेळ काढून करतात, सांगितलेलं ऐकतात."
मी लिहायला बसले, तर आईंनी लॅपटॉप ओढून घेतला. "तू स्वल्पविराम गिळतेस."

२० फेब्रुवारी, गुरुवार
आवाज बनवणाऱ्यांचं उत्तर आलंय! मराठी उच्चार तपासायला त्यांना कधीचं कुणीतरी हवं होतं. आई करतील का, विचारतायत. आनंदाने ओरडत आईंच्या खोलीत गेले. त्यांनी ते लॅपटॉपवर केव्हाच ऐकून होकारही पाठवला होता.
"आणि सकाळची मला हाका मारत जाऊ नकोस. कामावर असते मी."