दौलत गृह विद्यालय, बालविभागासह

१८ ऑगस्ट, सकाळी ७

शाळा आजपासून सुरू. पहिला तास आरोग्य तपासणी. एकेकाला ओसरीवर समोर उभं करून विचारपूस केली.

राखी, पाचवी : बरी आहे म्हणाली, पण डोळे सुजलेले. ऋषिकेश, तिसरी : नाक वाहतं, बाकी ठीक. गणेश, आपल्या पोरीचा पोरगा, इथंच शिकायला ठेवलेला, दुसरी : पोट दुखतं. ते रोज सातलाच दुखतं आणि भाकर दिसली की राहतं. ढब्बू आणि टिकली, राजूची जुळी, वय दोन : ढब्बूला दाढ येऊन राहिली. टिकलीला सगळे दात आलेले आहेत, हे माझ्या बोटाला समजलं. सूनबाई निकिता : कंबर. मुलगा राजू : ठीक असावा, माझ्याशी बोलत नाही. आमची कारभारीण रंगूबाई : गुडघा.

स्वतःची तब्येत फर्स्टक्लास. वय एकाहत्तर, पण स्मरणशक्ती विशीतल्या पोरासारखी. चष्मा सापडत नाही.

त्याच दिवशी, दुपारी

शाळा का काढली ते लिहून ठेवतो, म्हणजे उद्या इतिहासाला घोळ नको. पंधरा ऑगस्टला झेंड्यापुढं दोन शब्द बोलायचा मान या गावात माझा. शिक्षण चौथी, पण पुढचं सगळं स्वतःच्या हिमतीवर वाचलेलं. भज्यांचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय फेकला नाही. यंदा नवे मुख्याध्यापक राठोड सर, अजून पोरसवदा. मी अठराशे सत्तावन्नवरून नुकताच पुढं सरकलो होतो, तेवढ्यात या गृहस्थानं स्वतःच टाळ्या वाजवायला सुरुवात केली. त्याचं बघून सगळी शाळा टाळ्या वाजवत सुटली. भाषण खलास. नंतर म्हणे, पोरं उन्हात चक्कर येऊन पडत होती. दोनच पडली, आणि तीही भाषणाच्या प्रभावानं.

मी तिथंच, सगळ्या गावादेखत सांगितलं की माझी नातवंडं यापुढं या शाळेची पायरी चढणार नाहीत. घरी शिकवीन.

राजू तणतणला, पोरीचं वर्ष वाया घालवता काय म्हणाला. राखी रडली. तिचं नाव शाळेतून वक्तृत्व स्पर्धेला निवडलं होतं, दिवाळीच्या आधी, शेलूबाजारला. मी म्हणालो, वक्तृत्व शिकायला माझ्यापेक्षा मोठी शाळा कोणती? तुला मीच तयार करतो, माझ्या विद्यालयाच्या नावानं बोलशील. ती आणखी रडली. आनंदानं पोरी रडतात.

नवल रंगूबाईचं. हू नाही की चू नाही. फक्त एवढंच विचारलं, की शाळेत जुळी पण बसतील ना? मी म्हणालो, विद्येच्या दारात लहानथोर नसतं. तिनं मान डोलावली, विळा निकिताच्या हातात दिला आणि दोघी निंदायला निघून गेल्या.

१९ ऑगस्ट

टाइमटेबल तयार. सकाळी सात ते साडेनऊ : भाषा, गणित, वक्तृत्व. त्यानंतर जेवण. दहा ते पाच : निसर्ग निरीक्षण, म्हणजे मोठ्या तिघांनी शेतात जाऊन पिकं, पक्षी वगैरे बघणं. हा शेवटचा विषय रंगूबाईला सुचला. तिला सुचला म्हणजे तो माझ्या मनात होताच. पोरं निरीक्षणाला जातात तोवर मी बालविभाग बघणार. दोन वर्षांची दोन पोरं म्हणजे काय, दोन मांजरं. एकीकडं खेळतात.

संकल्प : दुपारी झोपायचं नाही.

२० ऑगस्ट

ढब्बूनं पांढरा खडू खाल्ला. टिकलीनं निळा.

दुपारी थोडा डोळा लागला. जेवण जड झालं होतं.

२५ ऑगस्ट

भूगोल घेतला. वाशीम जिल्ह्याच्या सीमा विचारल्या. राखीनं चारही बाजूंचे जिल्हे धडाधड सांगितले. मी शिकवायच्या आधीच. एका आठवड्यात पोरीची एवढी प्रगती! राठोड सरांनी पाच वर्षांत काय दिवे लावले असते?

गणेशसुद्धा तेराचा पाढा म्हणायला लागला. कुठं शिकला विचारलं तर ऋषिकेशकडं बघून म्हणाला, पक्ष्यांकडून. कल्पक आहे पोरगा.

शाळेची घंटा अलीकडं ऐकू येत नाही. पूर्वी कानठळ्या बसायच्या. माझी तीन पोरं गेली तर शाळा बंद पडत आली वाटतं. वाईट वाटलं. पण इलाज नाही, करावं तसं भरावं.

२९ ऑगस्ट

शेलूबाजारहून शिक्का करून आणवला. गोल, जांभळा. ‘मुख्याध्यापक, दौलत गृह विद्यालय.’ शिक्क्याशिवाय संस्थेला वजन येत नाही.

सायंकाळी

शिक्का मारलेल्या वस्तू : माझी उशी, दोन भाकरी, वासराचं कपाळ, ढब्बूचं पोट. टिकलीच्या हातून शिक्का काढून घेताना पुन्हा दातांची तपासणी झाली. आता उंच फळीवर ठेवला आहे.

२ सप्टेंबर

काही शास्त्रीय निरीक्षणं. एक, पोरं शेतातून परत येतात तेव्हा भूक नसते. निसर्गात भूक मरते. ऋषिकेशच्या शर्टाला खिचडीची हळद होती. म्हणाला, झेंडूचा रंग आहे. दोन, शाळेचे गणवेश रोज दोरीवर वाळत असतात. रंगूबाईला विचारलं, काहून? म्हणाली, पेटीत ठेवले तर कुबट वास येतो, रोज धुवावे लागतात. अशी जपणूक आजकालच्या बायांत राहिली नाही.

टिकली फळीपर्यंत कशी पोचली ते समजलं नाही.

५ सप्टेंबर, शिक्षक दिन

सकाळी अंघोळ करून, टोपी घालून ओसरीवर बसलो. पोरं पाया पडून निरीक्षणाला पळाली. पळण्याची घाई बघून ऊर भरून आला, एवढी ज्ञानाची ओढ.

राखी आज निकिताची साडी नेसून शेतात गेली. म्हणाली, उन्हाची बरी. सायंकाळी मला एक गुलाब दिला. थोडा सुकलेला होता आणि देठाला टाचणी होती. मी तिला म्हणालो, बेटा, फूल आणायला तू किती लांब गेली असशील. तिनं खाली मान घातली. गुलाब पुस्तकात ठेवणार होतो, पण ढब्बूनं खाल्ला.

१२ सप्टेंबर

बालविभागात नवी सिस्टम. उपरण्याचं एक टोक माझ्या मनगटाला, दुसरं टिकलीच्या कमरेला. म्हणजे पोर हललं की मला समजणार. झोपलो नव्हतो, डोळे मिटून विचार करत होतो. जाग आली तेव्हा उपरण्याच्या दुसऱ्या टोकाला वासरू होतं आणि ते गोठ्याकडं निघालं होतं. टिकली आणि ढब्बू पिठाच्या डब्यात सापडले. दोघंही खुश.

रंगूबाईनं माझ्या खरचटलेल्या कोपराला हळद लावली. तिचे खांदे हलत होते. रडत असावी बिचारी.

संकल्प : दुपारी झोपायचं नाही. उद्यापासून नक्की.

१५ सप्टेंबर

पारावर मंडळी विचारत असतील, दौलतराव कुठं गेले? जायला सवड नाही. एक पोर पायावर, एक पोर पाठीवर. ढब्बूला उजव्या कुशीवर झोप लागते, टिकलीला डाव्या. टिकलीला झोपवताना पाढे म्हटले तर सातच्या पुढं जावं लागत नाही. हे कुठल्याही डी. एड. कॉलेजात शिकवत नाहीत.

२० सप्टेंबर

सोयाबीनची सोंगणी, म्हणजे कापणी, सुरू. राजू, निकिता, रंगूबाई पहाटेच जातात. संस्थेचा पूर्ण भार माझ्यावर.

आज ढब्बू पालथ्या घमेल्यावर चढला, हात वर केला आणि बोलायला लागला. शब्द एकही कळत नव्हता, पण थांबत नव्हता. मध्येच खोकलासुद्धा. हुबेहूब वक्ता. मला भरून आलं. रंगूबाई नेमकी तेव्हाच भारा टाकून दारात आली होती, ती हसत हसत खालीच बसली. गुडघ्यामुळं.

तिला बाजारात राठोड सर भेटले होते म्हणे. माझी तब्येत विचारत होते. घाबरला गडी.

२८ सप्टेंबर

स्पर्धेचा विषय : वेळेचे महत्त्व. राखीसाठी भाषण काल मीच लिहून दिलं. सुरुवात सृष्टीच्या उत्पत्तीपासून आहे. घड्याळाचा शोध लागेपर्यंत अर्धा तास जातो, मग मूळ विषय. राखी म्हणाली, आबा, तिथं तीनच मिनिटं देतात. मी सांगितलं, तीन मिनिटांत माणसाला ठसकासुद्धा धड लागत नाही, तू बोलत राहा. ती म्हणाली, बरं. शहाणी आहे. आज म्हणाली, पाठ झालं.

पावणेदोन तासांचं भाषण एका दिवसात पाठ. ही माझ्या पद्धतीची कमाल.

९ ऑक्टोबर, सायंकाळी

आजचा दिवस नीट लिहिला पाहिजे.

राखी सकाळीच शेलूबाजारला स्पर्धेसाठी गेली. कोणाबरोबर, ते सांगितलं नाही. मी बारा वाजता आटोनं निघालो. जुळी बरोबर घ्यावी लागली, कारण घरी कोणीच नव्हतं, सोयाबीन मळणीच्या मशीनमध्ये होतं. निघण्याआधी थोडा वेळ डोळे मिटून विचार केला होता.

मंडपात मागं जागा मिळाली. टिकलीला उकडत होतं म्हणून टोपी काढून तिला वारा घालत होतो. मागच्या रांगेतले लोक माझ्या डोक्याकडं बघायचे, वाचल्यासारखे डोळे फिरवायचे आणि हसून नमस्कार करायचे. मुख्याध्यापक कोण, हे लोकांनी न सांगता ओळखलं. ढब्बू मांडीवर कुरकुर करत होता. उजव्या कुशीवर घेतला, थोपटला. महत्प्रयासानं झोपला.

आणि माइकवर नाव पुकारलं. राखी राजू, इयत्ता पाचवी, आणि पुढं गावच्या जिल्हा परिषद शाळेचं नाव. राखी गणवेशात. वेण्या, रिबिनी. शेजारी राठोड सर, तिला पाणी देत होते.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. उठून उभं राहायचं आणि भर मंडपात सांगायचं, ही पोरगी माझ्या विद्यालयाची आहे, हे सर्व खोटं आहे. वाक्यं तयार होती. आवाज तयार होता. तिचं नाव तिथंच खोडलं गेलं असतं.

पण ढब्बू झोपला होता. झोपलेलं पोर उठवणं म्हणजे काय, हे ज्यानं सांभाळलंय त्यालाच माहीत. मी बसून राहिलो. हा माझा धोरणात्मक निर्णय होता.

राखी बोलली. सृष्टीची उत्पत्ती नाही, घड्याळ नाही. आई पहाटे शेतात किती वाजता जाते, आजी घागरी कधी भरते, ते सांगत गेली. शेवटी म्हणाली,

“भाषण कुठं थांबवावं, हे मी माझ्या आबांकडं बघून शिकले. धन्यवाद.”

मंडपात हशा, आणि टाळ्या अशा की ढब्बू उठलाच. पहिला नंबर. जाहीरपणे माझं नाव घेतलं पोरीनं. राठोड सरांचं नाही घेतलं.

१० ऑक्टोबर

सकाळी रंगूबाईला समोर बसवून विचारलं. ती शेंगा फोडत होती, फोडतच राहिली. म्हणाली, तिघंही पहिल्या दिवसापासून शाळेत जातात. एकाचाही खाडा नाही. सगळ्या गावाला ठाऊक होतं. घंटासुद्धा राठोड सरांनी फडकं गुंडाळून वाजवायला लावली, दुपारी घरातले तिघं झोपतात म्हणून.

मी म्हणालो, दोनच तर लहान आहेत. तिसरं कोण?

तिनं माझ्याकडं बघत आणखी एक शेंग फोडली.

मग मी विचारलं, मले कायले फसवलं? आता मात्र हात थांबवून म्हणाली,

“पोट्टे सांभाळा म्हणलं असतं, तं तुमी पारावर जाऊन बसले असते. शाळा म्हणलं म्हून दोन महिने घरात टिकले. तुमच्यानं सोयाबीन घरात आलं, बाप्पा. आन् ते डोकं धुवा आता. कालपासून शिक्का घेऊन फिरून राह्यले.”

आरशात बघितलं. टक्कलाच्या मधोमध, गोल, जांभळा. अक्षरं एकदम स्पष्ट. शिक्का चांगल्या क्वालिटीचा आहे, यात वाद नाही.

१३ ऑक्टोबर

दौलत गृह विद्यालय आजपासून बंद. उद्देश सफल झाल्यामुळं. धोतर-सदरा घालून, बऱ्याच दिवसांनी पारावर जायला निघालो. पायरी उतरलो आणि मागून निकितानं दोन्ही पोरं ओसरीवर आणून ठेवली. रंगूबाई म्हणाली, सोयाबीन झालं, आता हरभरा पेरायचा आहे. मग तूर. पालकांच्या आग्रहास्तव बालविभाग तेवढा चालू ठेवत आहे. टेम्पररी.

दुपारी

अर्जाचा मसुदा, उद्या चांगल्या अक्षरात काढायचा :

‘अंगणवाडी सेविका कस्तुराबाई यांस. तुमची तब्येत बरी असेल. मदतनीस बाईंचा खोकला थांबला असेल. इकडं ढब्बूची दाढ आली. टिकली ठणठणीत. राखी, ऋषिकेश, गणेश मजेत, शाळेत असतात. शिक्षकाची तब्येत तेवढी बरी नाही. तरी दोन्ही विद्यार्थ्यांना दाखल करून घ्यावं. तीन वर्षं पूर्ण नाहीत हे ठाऊक आहे, पण दोघांचं मिळून चार होतात. खडू दिसेल असा ठेवू नये. एकाला उजवी कूस लागते, एकीला डावी, उलट झालं तर दोघंही उठतात. अर्जावर संस्थेचा शिक्का मारायचा राहिला. तो टिकलीच्या मुठीत आहे आणि ती आत्ताच झोपली आहे. उत्तर लवकर लिहावं. तुरीच्या आधी.’