उठायला जागा

आबा, आपल्या ओढ्याकाठच्या रानात आता हिरवळ आहे. तुमच्यामागं आम्ही भावांनी ते विकलं आणि हमरस्त्याला लागून असल्यामुळं तिथं लग्नाचं कार्यालय झालं. तुमची केणी बैलांनी ओढायची, चढावरची माती खरवडून खड्ड्यात नेऊन टाकायची. तेच काम मी ट्रॅक्टरमागं लोखंडी लेव्हलर लावून करतो. लोहाऱ्यापासून उमरग्यापर्यंत शेतं, शाळांची मैदानं, जिथं बोलावतील तिथं जातो. कामाआधी तुमच्यासारखाच अनवाणी फिरतो, कारण उंचसखल डोळ्याआधी तळपायाला कळतं, हे तुम्हीच दाखवलंत. आणि तुम्ही बाराला बैल सोडायचात म्हणून मीही बाराला इंजिन बंद करतो. लोक हसतात, हसू देत.

गेल्या महिन्यात कार्यालयाच्या मालकानं बोलावलं. तरुण आहे, बोलायला मोकळा. म्हणाला, "मामा, लॉनवर खुर्च्या डुगडुगायल्यात. मागच्या लग्नात नवरदेवाचा चुलता ताटासगट उताणा झाला. वऱ्हाड हसलं, पण तो अजून माझा फोन उचलंना." मीही हसलो आणि चपला काढून फिरायला लागलो. चिंचेकडच्या कोपऱ्यात पाय थांबला. वीतभर उंचवटा, लांबीला आडव्या पडलेल्या बैलाएवढा. जागा मी ओळखली.

तेव्हा मी वीस वर्षांचा आहे. तुम्ही तहसिलीच्या कामाला गेला आहात आणि केणी माझ्या हाती आहे. दिवस कलताना तुम्ही येता तेव्हा पांढरा बैल आडवा पडलेला आहे, जिभेला माती लागली आहे. तुम्ही त्याच्या मानेवर हात ठेवता आणि एकच विचारता, "बाराला सोडला हुता का?" मी म्हणतो, "व्हय." तुम्ही माझ्याकडं बघता, मग त्याच्याकडं. पुन्हा विचारत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून आपण दोघं खड्डा खणतो, त्याचं डोकं उगवतीला करतो, माती लोटतो. वर आलेला ढीग सपाट करावा म्हणून मी दुसरी जोडी केणीला जुंपून आणतो, तर तुम्ही कासरा धरता. "हितनं न्यायची न्हाय. त्याला उठायला जागा लागंल."

पुढं दरवर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी, घरच्या बैलांची खांदेमळणी झाली की तुम्ही हळद-तुपाची वाटी घेऊन रानात जायचात. त्या उंचवट्याला तसंच चोळायचात आणि म्हणायचात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाया या." मी मागं उभा असायचो, दुसरीकडं बघत. तुम्ही गेलात, मी बैल विकून ट्रॅक्टर घेतला, त्यानंतर तिथं कुणी आवतन द्यायला गेलं नाही.

तर मी हिरवळीच्या लाद्या कापून बाजूला रचल्या, माती सैल केली, लेव्हलर ओढला, रोलर फिरवला, लाद्या परत बसवल्या. काचेसारखं झालं. दहा दिवसांनी मालकाचा फोन, "मामा, तुमचं टेंगूळ परत आलं की." मी म्हणालो, काळी माती आहे, पाणी प्याली की फुगते. ते खोटं नाही. पण जाऊन पाय ठेवला तर या वेळी मावळतीकडची बाजू जास्त उंच होती. बैल उठताना आधी मागलं अंग उचलतो, हे तुम्हाला सांगायला नको. मी पुन्हा सपाट केलं.

परवा तिसऱ्यांदा गेलो. लाद्या काढून झाल्या आणि बारा वाजायला आले. मी चावीला हात घातला तर मालक म्हणाला, "उद्या लग्न हाय मामा. इंजिनाला कसली आलीय दुपार?" मी चावी सोडली. भर बाराला ट्रॅक्टर त्या उंचवट्यावर घातला. मागचं चाक चढलं, आणि उतरण्याऐवजी आणखी वर उचललं गेलं, मग हळूच खाली बसलं. खालून लांब श्वास सुटल्यासारखा आवाज आला. जू उतरवल्यावर बैल सोडतो तसा.

"टायर बसलं का ओ?" मालक ओरडला. मी उतरून चारही टायर दाबून बघितले. कडक होते. इंजिन बंद केलं, लेव्हलर सोडून बाजूला ठेवला, चपला काढल्या. मागची बाजू उंच होतीच. आता उगवतीकडं, जिथं पुढचे गुडघे येतील तिथंही माती भरून आली होती आणि तळव्याला गरम लागत होती. सावली तर तिच्यावर सकाळपासून चिंचेची होती.

"हितं खुर्च्या मांडू नका," मी म्हणालो. "भोवती झेंडू लावा."

"का? खाली काय हाय?"

"जनावर हाय. आमचंच."

तो हसला. मग हिरवळीवरून उतरून फरशीवर जाऊन उभा राहिला आणि मी लाद्या बसवून निघेपर्यंत तिथंच राहिला.

आज सकाळी हळद-तूप घेऊन गेलो होतो. पोळा नाही, काही नाही. लग्नाचा मांडव उतरवत होते. खुर्च्या त्या जागेला वळसा घालून मांडलेल्या होत्या. मी बसून चोळलं, पण आवतनाचे शब्द तोंडातून बाहेर येईनात. मी बोलावलं आणि तो उठला, तर त्याला तोंड कसं दाखवू? देवाला सगळं सांगून झालंय, दिवा लावताना रोजच सांगतो. तुम्हाला तेवढं राहिलं. हा कागद कुठं धाडू तेही कळत नाही. तिथंच पुरावा म्हटलं तर त्या मातीला पुन्हा खोरं लावायची हिंमत नाही.

त्या दिवशी एकच फेरी उरली होती, आबा. सावली पायाखाली आली होती, मला दिसत होती. बाराला सोडला नव्हता.