येसूची वाटी

बुधवार, दिवेलागण

सगळ्यात आधी शेजारची शकी टपकली, मोटार बघायला! माझी नात शिल्पा आली ना, कॉलेजच्या बाईंना घेऊन, आमच्या कळंबची माहिती लिवायला. काय आनंद झाला मला!

शिल्पाने विचारलं, "आजी, वाल किती विकलेस?"

"विकले कुठं गं? शेजारीपाजारी वाटले."

"वाटलेले नाही लिहायचे. विकलेलेच."

"मग कागदावर तू रिकामटेकडी, म्हातारे!" शकी हसली.

बाई म्हणाल्या, रिसॉर्ट आल्यापासून गावाचं उत्पन्न वाढलंय. वाढलं असेल. पण रिसॉर्ट हाय तिथं माझ्या मैतरणीचं, येसूचं घर होतं. तिची पितळी वाटी माझ्याच फळीवर राहिली. आमच्यात वाटी रिकामी परत करत नाहीत. मी भरायच्या आधीच येसू वारली, पोरांनी जागा विकली. आता द्यायची कुणाला? फळीकडं बघितलं की येसू विचारते, "काय गं, भरलीस का?"

आज आनंदाच्या भरात त्याच वाटीत वाल घालून शिल्पाला दिले. आता फळी मोकळी दिसते, तरी येसू विचारतेच हाय. वाटी भरून आणायची असते, हे शिल्पाला सांगायचंच राहिलं. रविवारी परत येते म्हणालीय.